डोक्याचा मार आणि माणसाचा स्वभाव



मेंदूला होणारी इजा आणि तिच्यामुळे माणसाच्या वागण्यात पडणारा फरक, ह्या विषयावर आजवर जे संशोधन झाले आहे त्याची ओळख करून द्यावी, अशी सूचना मला करण्यात आली. विषय इस्पितळाच्या चार भिंतींतला वाटतो. परंतु थोडे आठवून पाहा. तुमच्या मोहल्ल्यात, गावात किंवा नात्यागोत्यात असा एखादा तरुण तुम्ही नक्की पाहिला असेल. मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, चार दिवस बेशुद्ध होता. टाके पडले, टाके निघाले, तो चालत घरी आला. जिवावरचे शेपटीवर निभावले, असे सर्वांनी म्हटले. आणि मग दोन-तीन महिन्यांनी घरात कुरबूर सुरू झाली. वडिलांसमोर कधी आवाज न चढवणारा मुलगा भरल्या ताटावरून उठून ताट भिरकावू लागला. दुकानाचा हिशेब चोख ठेवणारा, आता उधारी कोणाला दिली हेच विसरू लागला. किंवा ह्याच्या अगदी उलट झाले: दिवसभर खाटेवर पडून राहायचे, अंघोळीला उठवले तर उठायचे, नाही उठवले तर नाही.

अशा वेळी घरात जी कारणे सांगितली जातात ती तुम्हाला माहीत आहेत. संगत बिघडली. नजर लागली. कोणी काही खाऊ घातले. अपघाताच्या वेळी सर्वांनी फार लाड केले म्हणून शेफारला. आणि ह्या सर्वांवरचा आपला जुना उपाय, लग्न करून द्या म्हणजे सुधारेल! (त्या परक्या घरच्या मुलीचा विचार त्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही.) बिघाड नेमका अपघातानंतर सुरू झाला, एवढी एकच गोष्ट कोणी जोडून पाहत नाही, कारण जखम तर भरलेली असते.

जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला, ही समजूत डॉक्टरांचीसुद्धा होती आणि ती फार जुनी गोष्ट नाही. ही समजूत कशी बदलली हे सांगायचे तर अमेरिकेतील एका मुकादमापासून सुरुवात करावी लागते. मेंदूवरच्या बहुतेक प्रत्येक ग्रंथात ह्या माणसाचे नाव येते. पण त्याची अर्धीच हकीकत सांगितली जाते, म्हणून मी ती जरा सविस्तर सांगणार आहे.

१८४८ साली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेचा रस्ता तयार करण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज हा २५ वर्षांचा तरुण तेथे मुकादम होता. खडकात भोक पाडायचे, त्यात सुरुंगाची दारू भरायची, वात ठेवायची, वर वाळू घालायची आणि पहारीने ती ठासून बसवायची, असे काम. १३ सप्टेंबरच्या दुपारी साडेचारच्या सुमारास ठासताना ठिणगी पडली आणि दारू उडाली. गेजच्या हातातली पहार त्याच्या डाव्या गालातून आत शिरली, डाव्या डोळ्याच्या मागून वर गेली आणि कवटीचा माथा फोडून बाहेर पडली. ही पहार साडेतीन फुटांहून अधिक लांब, सव्वा इंच जाड आणि सुमारे सहा किलो वजनाची होती. ती बऱ्याच अंतरावर जाऊन पडली.

गेज मेला नाही. काही मिनिटांत तो बोलू लागला. बैलगाडीत ताठ बसून तो मुक्कामाच्या खाणावळीपर्यंत आला आणि आलेल्या डॉक्टरशी स्वतः बोलला. पुढे जॉन हार्लो नावाच्या तरुण डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले. जखमेत पू झाला, गेज बेशुद्धीत गेला, घरच्यांनी आशा सोडली. हार्लोने पू काढून टाकला. ना प्रतिजैविके, ना क्ष-किरण, जंतूंमुळे जखम चिघळते हे ज्ञानसुद्धा नव्हते असा तो काळ. सुमारे दहा आठवड्यांनी गेज आपल्या घरी परतला. डावा डोळा गेला, बाकी हात-पाय, वाचा, स्मरण शाबूत. हार्वर्डचे नामांकित शल्यविशारद बिगेलो ह्यांनी त्याला तपासले आणि १८५० साली तो शरीराने व मनाने बरा झाल्याचे लिहिले.

खरी गोष्ट हार्लोने प्रसिद्ध केली ती २० वर्षांनी, १८६८ साली, गेज वारल्यानंतर. अपघातापूर्वी हा मुकादम कामात तरबेज, डोक्याने शांत, मजुरांचा आवडता आणि योजलेले काम तडीस नेणारा होता. अपघातानंतर तो जुन्या जागेवर परत गेला तेव्हा त्याला तेथे ठेवून घेण्यास मालक तयार होईनात. तो चंचल झाला होता, तोंडात शिव्या आल्या होत्या, मनाविरुद्ध कोणी बोललेले त्याला खपत नसे. दहा बेत करायचा आणि एकही पुरा करीत नसे. जुने मित्र म्हणत, हा आमचा गेजच नव्हे. पुढे १८७८ साली लंडनमध्ये डेव्हिड फेरिअर ह्यांनी आपल्या व्याख्यानांत ही हकीकत पुढे मांडली आणि वैद्यकाला एक नवी गोष्ट मान्य करावी लागली. कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, ज्याला ललाटखंड म्हणतात, तो हात-पाय हलवीत नाही, डोळ्यांना दृष्टी देत नाही. पण माणसाचा मिजाज, त्याचा अदब, त्याचा धीर आणि पुढचा विचार करून स्वतःला आवर घालण्याची शक्ती ह्यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

येथपर्यंतची हकीकत सर्व पुस्तकांत असते. ह्यापुढे मात्र पुस्तके घसरतात. गेज दारुड्या झाला, भटक्या झाला, कोणाच्याही कामाचा उरला नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन ह्यांनी जुनी कागदपत्रे एकेक करून तपासली आणि २००० साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की, ह्यातल्या बहुतेक गोष्टींना आधार नाही. अपघातानंतर गेजने न्यू हॅम्पशरमध्ये घोड्यांच्या तबेल्यात काम केले. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे वालपराइसो आणि सांतियागो ह्या शहरांच्या दरम्यान धावणाऱ्या प्रवासी घोडागाडीवर गाडीवान म्हणून कित्येक वर्षे राहिला. सुमारे १०० मैलांचा तो प्रवास. पहाटे उठायचे, घोड्यांना दाणावैरण करायची, जुंपायचे, उतारूंचे सामान चढवायचे, भाडे घ्यायचे आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर अनेक घोड्यांचे लगाम एकाच वेळी सांभाळायचे. आणि भाषा परकी. ज्याला स्वतःवर मुळीच ताबा नाही, अशा माणसाचे हे काम नव्हे. पुढे प्रकृती खालावली तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला, त्याला फेफऱ्याचे झटके येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या वैद्यकीय संग्रहालयात आजही ठेवलेली आहे. २०१२ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी संगणकावर ती जखम पुन्हा मांडून पाहिली. त्यांचा अंदाज असा की, मेंदूच्या बाह्य थरापैकी सुमारे ४ टक्केच भाग नष्ट झाला होता, पण एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणाऱ्या तंतूंपैकी सुमारे ११ टक्के तुटले होते.

मॅकमिलन ह्यांचे म्हणणे मला फार मोलाचे वाटते. गेजचा स्वभाव बिघडला हे खरे, पण तो कायमचा तसाच राहिला नाही. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, हाताने करायचे काम त्याला मिळाले. मेंदूतला जो लगाम तुटला होता, त्याची थोडीफार जागा बाहेरच्या शिस्तीने भरून काढली. १८५० च्या दशकात चिलीत हे कोणी योजून केले नव्हते. ते आपोआप घडले.

आता कोणी म्हणेल, मेंदूतून पहार जाणे ही लाखातली एक घटना. मोटारसायकलवरून पडणाऱ्याशी तिचा काय संबंध? संबंध असा आहे. मेंदू हा हाडांच्या पेटीत ठेवलेला अतिशय मऊ पदार्थ आहे. १९४३ साली ऑक्सफर्डमध्ये होलबर्न ह्या भौतिकशास्त्रज्ञाने कवटीच्या साच्यात जिलेटिन भरून त्याला हिसके दिले आणि आत काय होते ते पाहिले. डोके नुसते आपटण्यापेक्षा ते गर्रकन फिरले तर आतला पदार्थ जास्त पिळवटतो, असे त्याला दिसले. कवटीचा तळ कपाळामागे आणि कानशिलाच्या आत खडबडीत असतो, तेथे हाडांच्या धारदार कडा आहेत. म्हणून मार डोक्याच्या मागे बसला तरी मेंदू पुढे सरकून ह्याच ठिकाणी खरचटतो. शिवाय आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे तंतू सी.टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतच नाहीत. 'स्कॅन नॉर्मल आहे' ह्याचा अर्थ आत रक्ताची गाठ नाही, ऑपरेशनची गरज नाही, एवढाच घ्यायचा. मेंदूला काहीच झाले नाही, असा घ्यायचा नाही.

येथे आणखी एक फसगत होते आणि शिक्षकांनी ती ध्यानात ठेवावी. १९८५ साली अमेरिकेतील आयोवाच्या एस्लिंगर आणि दमासिओ ह्या संशोधकांनी एका गृहस्थाची माहिती प्रसिद्ध केली. हा मनुष्य हिशेबनीस होता, संसारी होता. ललाटखंडांना दाबणारी एक गाठ ऑपरेशनने काढली. त्यानंतर बुद्धिमापनाच्या कसोट्यांत तो उत्तम गुण मिळवी, स्मरण चांगले, बोलणे नेमके. पण नोकरी टिकेना, पैसा भलत्या धंद्यात बुडाला, संसार मोडला, आणि कोणत्या हॉटेलात जेवावे हे ठरवायला त्याला तासन्‌तास लागत. योग्य काय ते तो तोंडाने अचूक सांगे, प्रत्यक्षात तसे वागणे त्याला जमत नसे. आपल्या घरातही हेच वाक्य ऐकू येते: 'सगळे कळते त्याला, मुद्दाम करतो.' कळणे आणि वळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपली मराठी म्हणच सांगते, पण मेंदूतही त्यांची ठिकाणे बऱ्याच अंशी वेगळी आहेत हे कळायला शास्त्राला इतका वेळ लागला.

हा बिघाड दोन तऱ्हांनी दिसतो. एक उतावीळ, भडकणारा, लाजलज्जा न राखणारा. त्याच्याकडे निदान लोकांचे लक्ष जाते. दुसरा गप्प, निरिच्छ, सांगितल्याशिवाय पाण्याचा पेलाही न उचलणारा. त्याला आळशी म्हणतात, आणि त्याच्याकडे डॉक्टरचे लक्ष जाईपर्यंत वर्षे निघून जातात. ह्याखेरीज डोक्याच्या मारानंतर खरे नैराश्य येणेही पुष्कळ आढळते आणि त्यावर औषधे व समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो. उलट डोक्याला साधा हादरा बसला असेल तर डोकेदुखी, झोपमोड, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे हे सारे बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तेव्हा प्रत्येक टेंगळाला घाबरण्याचेही कारण नाही.

मुलांविषयी थोडे स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण येथे संशोधनाने एक मोठे वळण घेतले आणि ते वळण चुकीचेही होते. १९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल ह्यांनी अशी काही मुले वर्णन केली की, बुद्धी साधारण पण स्वतःला आवरणे अशक्य. नंतर १९१७ पासून युरोप-अमेरिकेत मेंदूच्या सुजेची एक विलक्षण साथ आली. तिच्यातून जी मुले वाचली त्यांतली कित्येक पूर्वी गुणी होती, ती आता खोटे बोलत, चोऱ्या करीत, रात्रभर जागत, दुसऱ्यांना मारीत. आजाराने स्वभाव पालटतो ह्याचा हा ढळढळीत पुरावा होता. अशा आणि इतर मुलांसाठी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे एक इस्पितळ निघाले. तेथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली मेंदूचा क्ष-किरण फोटो घेण्यासाठी मुलांच्या पाठीच्या कण्यातून हवा सोडीत, आणि त्यामुळे मुलांची डोकी भयंकर दुखत. ती थांबावी म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी विशेष थांबली नाही. पण शिक्षक येऊन सांगू लागले की मुले शांत बसून गणिते करताहेत! १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. १४ मुलांच्या अभ्यासात लक्षणीय सुधारणा झाली होती. उत्तेजक औषधाने चळवळे मूल शांत व्हावे ही गोष्ट विचित्र वाटते, पण पुढच्या संशोधनाने ती खरी ठरवली.

चूक झाली ती ह्यापुढे. मेंदूच्या इजेने मूल चळवळे होते, म्हणून प्रत्येक चळवळ्या मुलाच्या मेंदूला कोठेतरी सूक्ष्म इजा झालेली असलीच पाहिजे, असा उलटा तर्क केला गेला आणि हजारो मुलांवर 'मेंदूची किमान इजा' असे लेबल चिकटले. इजा मात्र कोणाला दाखवता येत नव्हती. १९६२-६३ च्या सुमारास ऑक्सफर्डला जमलेल्या तज्ज्ञांनी 'इजा' हा शब्दच सोडून द्यावा, असे सुचवले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याच्या जागी अवधानाच्या उणिवेचे नाव आले. आज आपण जिला ए.डी.एच.डी. म्हणतो ती अवस्था बहुतांशी आनुवंशिक आहे, मार लागून झालेली नाही. म्हणजे डोक्याच्या मारामुळे वर्तन बिघडते हे खरे; पण बिघडलेले प्रत्येक वर्तन माराचे असते, हे खरे नाही. वर्गात खोड्या करणाऱ्या प्रत्येक पोराला स्कॅन करायला पाठवू नये. पूर्वी कसा होता, कधी बदलला आणि त्याआधी काय घडले, हे तीन प्रश्न मात्र छडी शोधण्याआधी विचारावेत. (छडीला तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाईच केली आहे.) आणि मुलांच्या बाबतीत वेळेचे अंतर फसवे असते. ललाटखंडांची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी गच्चीवरून पडलेल्या मुलीची उणीव सातवी-आठवीत, अभ्यासाचे नियोजन स्वतः करण्याची वेळ आल्यावर उघडी पडू शकते.

ललाटखंडांचे ज्ञान नेहमी चांगल्याच हातांत पडले असे नाही. १९३५ साली लिस्बनच्या एगाश मोनिझ ह्यांनी मनोरुग्णांच्या ललाटखंडांचे तंतू मुद्दाम तोडण्यास सुरुवात केली. रुग्ण शांत होत. किती शांत, ते तुम्ही वर वाचलेल्या त्या निरिच्छ मुलावरून ओळखा. ह्या कामाबद्दल १९४९ साली मोनिझ ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकट्या अमेरिकेत हजारो माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि १९५० नंतर औषधे आली तेव्हा ती मागे पडली. ज्या जागेला अपघाताने इजा झाली तर आपण हळहळतो, तीच जागा पांढरा डगला घालून कापणे हा उपचार मानला गेला, ह्याची नोंद वैद्यकाच्या बाजूने बोलणाऱ्याने करावयास हवी.

पुनर्वसनाचा मार्ग मात्र युद्धांनी दाखवला. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या जर्मन सैनिकांसाठी कुर्ट गोल्डस्टाइन ह्यांनी फ्रँकफुर्टला संस्था काढली. त्यांनी एक बारीक गोष्ट टिपली. रुग्णाला त्याच्या आवाक्याबाहेरचे काम दिले की तो एकाएकी लाल होतो, रडतो, वस्तू फेकतो. बघणाऱ्याला हा रागीटपणा वाटतो. वास्तविक ती आपली शक्ती संपली ह्या जाणिवेची घबराट असते. काम सोपे करून तुकड्यातुकड्याने दिले की तोच मनुष्य शांतपणे ते करतो. ताट भिरकावणाऱ्या मुलाच्या घरी ह्याचा थेट उपयोग आहे. तो केव्हा भडकतो ते पाहा. चौघे एकदम बोलत असताना? टीव्ही चालू असताना? दमल्यावर, संध्याकाळी? भडकण्याच्या आधीची वेळ सापडली की निम्मे काम झाले.

दुसऱ्या महायुद्धात रशियाचे अलेक्सांदर लुरिया ह्यांनी उरल पर्वताच्या प्रदेशात असेच इस्पितळ चालवले. त्यांचा एक रुग्ण, झासेत्स्की, १९४३ साली गोळी लागून वाचन, लेखन, उजवे-डावे, सारे विसरला होता. अक्षर एकेक करून लिहायला गेला की अडे. हात न उचलता, विचार न करता शब्द एका झटक्यात लिही म्हटल्यावर हात आपोआप चालू लागला. लिहिलेले वाचणे त्याला अतोनात कठीण. तरी त्याने सुमारे २५ वर्षे झगडून तीन हजारांच्या घरात पाने लिहिली. त्याचे ललाटखंड शाबूत होते म्हणून जिद्द टिकली, असे लुरिया सांगतात. तुटलेला रस्ता दुरुस्त होत नसेल तर वळसा घालून पोहोचवणारा दुसरा रस्ता शोधायचा, ही त्यांची पद्धत. ज्याला वेळेचे भान नाही त्याच्या भिंतीवर दिवसाचा तक्ता. जो विसरतो त्याच्या खिशात वही. जो स्वतःहून उठत नाही त्याला गजर आणि ठरलेले काम. चिलीच्या गाडीवानाला जे नशिबाने मिळाले, तेच येथे योजून द्यायचे.

आपल्याकडे अशा माणसाच्या वाट्याला पुष्कळदा साखळी येते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत, एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरात खासगी रीतीने चालवलेल्या एका मनोरुग्ण निवासाला आग लागली आणि २८ जण जळून मेले. त्यांना साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे पळता आले नाही. तेथे आणून सोडणारे नातलग दुष्ट नव्हते. थकलेले होते, आणि जवळ दुसरा दरवाजा नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. परंतु कायद्याइतकीच महत्त्वाची मला वाटते ती गुजरातची गोष्ट. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' ह्या नावाने, मुजावरांना विश्वासात घेऊन, आवारातच मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना सुरू झाला. जो श्रद्धेने आला त्याची श्रद्धा कोणी हिरावून घेतली नाही. मुजावरच त्याला शेजारच्या डॉक्टरकडे पाठवू लागले. दर्ग्याला जाऊ नका असे फर्मावून जे साधले नसते, ते असे साधले.

आता प्रतिबंधाविषयी. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला सेनाधिकारी दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हाती घेतला, १९४१ साली हेल्मेटच्या उपयुक्ततेवर लेख प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. २००८ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारत सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे लोक ५०,०२९. हा झाला मेलेल्यांचा हिशेब. जे वाचले आणि बदललेल्या स्वभावाने घरी आले, त्यांचा रकाना ह्या तक्त्यात नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे २०१९ च्या दुरुस्तीपासून चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसलेल्या बहिणीला आणि मुलालाही हेल्मेट आवश्यक आहे. पोलीस दिसला की डोक्यावर आणि पोलीस गेला की कोपरात, अशी जी हेल्मेटे आपण रोज पाहतो, ती कोपराचे रक्षण उत्तम करतात!

अपघात पाहिलात तर जखमीला उचलून न्यायला कचरू नका. मदत करणाऱ्याला पोलिसी किंवा न्यायालयीन त्रास होऊ नये म्हणून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ मध्ये कायद्यात तसे १३४-अ हे कलम आले. डोक्याला मार लागलेला मनुष्य शुद्धीवर येऊन बोलला म्हणून निर्धास्त होऊ नये; कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत असेल तर काही तास तो चांगला राहतो आणि मग घसरतो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, बोलण्यात गोंधळ, हाता-पायांत दुबळेपणा, नाका-कानांतून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, ह्यांपैकी काहीही दिसले तर रात्री दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठावे. 'झोपू दे त्याला, सकाळी बघू' हे शब्द त्या रात्री उच्चारू नयेत.

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड फेकू नका. बेशुद्धी किती वेळ होती, आणि अपघातानंतरचे सलग आठवायला किती दिवसांनी सुरुवात झाली, हे लिहून ठेवा. त्यावरून इजेची खोली डॉक्टरांना कळते. वागण्यात फरक वाटला तर एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय झाले आणि त्याआधी काय चालले होते, एवढे टिपा. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना ती वही न्यावी, आणि रुग्णाबरोबर त्याला पूर्वीपासून ओळखणाऱ्याने जावे. कारण बदल झाल्याचे खुद्द रुग्णाला पुष्कळदा जाणवतच नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरबसल्या सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे.

एक गोष्ट राहिली. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नावे आहेत. त्यांत डोक्याच्या माराने झालेली इजा स्वतंत्रपणे दिलेली नाही. म्हणून प्रमाणपत्र मागताना मानसिक आजार, वाचादोष किंवा चलनवलनाचे अपंगत्व, ह्यांपैकी जे लागू पडेल त्याखाली अर्ज करावा लागतो, आणि अर्जासोबत लागतात ते अपघाताच्या दिवसापासूनचे कागद. ते एका पिशवीत घालून घरातल्या जाणत्या माणसाच्या ताब्यात ठेवा.